पिल्लाचे काळीज कोंबडीचे होताना

आपल्या वडगावच्या आठवड्याच्या बाजारात कोंबड्यांच्या डालग्यांजवळ घटकाभर उभे राहिले, की कोंबडीविषयी जेवढे ज्ञान कानावर पडते तेवढे पुस्तकात मिळावयाचे नाही. तलंग कोणती, खुडूक कोणती, आठवड्याभरात अंड्यावर येईल अशी कोणती, हे सांगणाऱ्या बायका आधी तुरा पाहतात, मग शेपटीखाली हात घालून दोन हाडांमधले अंतर बोटांनी मोजतात, आणि भाव बोलतात. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. मी ज्या अवयवाविषयी आज बोलणार आहे तो मात्र या बोटांना लागत नाही. तो खाटकाच्या फळीवर दिसतो. तेथे त्याला कलेजी म्हणतात, शास्त्रात यकृत म्हणतात. आपली भाषा याबाबतीत गमतीची आहे. 'काळीज' म्हणून ती खाटकाकडे यकृत मागते आणि काळजाला घरे पडली म्हणताना हात हृदयावर ठेवते. श्रोत्यांत जे शाकाहारी असतील त्यांनी हा शब्द हवा तर दुसऱ्या अर्थाने घ्यावा. व्याख्यानाला त्याने बाध येणार नाही.

खाटकाच्या फळीवरची कलेजी तांबूस तपकिरी असते हे आपण जाणतोच. पण अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाचे यकृत पाहण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येतो. ते पिवळे असते. हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखे पिवळे. निरोगी पिल्लात हा पिवळेपणा थोड्याच दिवसांत ओसरू लागतो आणि यकृत आपला ठरलेला तांबूस रंग घेते. मी जनावरांच्या दवाखान्यात शिकाऊ असताना पहिल्यांदा असे पिवळे यकृत पाहिले, तेव्हा पिल्लाला कावीळ झाली असावी असे मत मोठ्या आत्मविश्वासाने दिले होते. माझे वरिष्ठ हसले आणि म्हणाले, "अहो, ही कावीळ नव्हे, ही शिदोरी आहे." त्या शिदोरीचे काय होते, आणि ती संपल्यावर यकृत काय करू लागते, हाच आजचा विषय.

विषयात शिरण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रथिन म्हटले, की आपल्याला डाळ, दूध, अंडे आठवते. खाण्यातले प्रथिन हा त्या शब्दाचा एक अर्थ झाला. शरीरात प्रथिने हजारो जातींची असतात आणि प्रत्येकाला नेमून दिलेले काम असते. काही प्रथिने अन्नाची मोडतोड किंवा जोडणी करतात. त्यांना विकरे म्हणजे एन्झाइमे म्हणतात. काही रक्तातून चरबी, जीवनसत्त्वे, लोह यांची वाहतूक करतात. काही जखम झाल्यावर रक्त गोठवतात. यांपैकी फार मोठा वाटा एकटे यकृत तयार करते. तेव्हा यकृत कोणत्या वेळी कोणती प्रथिने किती करते हे कळले, म्हणजे त्या प्राण्याच्या शरीरात त्या वेळी काय चालले आहे हे निम्मेअधिक कळल्यासारखे आहे.

ही प्रथिने करण्याच्या कृती जनुकांत लिहिलेल्या असतात. मोठ्या आचाऱ्याची पाककृतींची वही असावी आणि तिची नक्कल गावातल्या प्रत्येक घरात ठेवलेली असावी, तशी ही वही कोंबडीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत पुरी असते. डोळ्याच्या पेशीत तीच, पायाच्या कातडीत तीच, यकृतात तीच. फरक एवढाच, की कोणत्या घरी कोणते पान उघडावयाचे हे निराळे. उघडलेल्या पानावरून आधी एक चिठ्ठी उतरून घेतली जाते, ती पेशीच्या मुदपाकखान्यात जाते आणि तेथे चिठ्ठीबरहुकूम प्रथिन तयार होते. चिठ्ठी उतरली म्हणजे पदार्थ पानावर आलाच असे नव्हे. चिठ्ठ्या फाटतात, रद्द होतात, केलेले प्रथिनही काही तासांत किंवा दिवसांत मोडून टाकले जाते. ही गोष्ट पुढे आपल्या कामी येईल.

याचे एक उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या उंबऱ्यावरच आहे. दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात जो करड्या रंगाचा रानकोंबडा पहाटे ओरडतो तो सह्याद्रीचा आणि दक्षिणेचा रहिवासी. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा आहे, आणि फार दिवस असे समजले जात होते की करड्याचा या वंशात काही वाटा नाही. २००८ साली असे दिसून आले, की जगभरच्या पाळीव कोंबड्यांत पिवळी कातडी आणि पिवळे पाय देणारे जनुक या करड्या रानकोंबड्याकडून आलेले आहे. मक्यातली, हिरव्या पाल्यातली पिवळी द्रव्ये तोडून रंगहीन करणारे एक विकर आहे. पिवळ्या पायांच्या कोंबडीत या विकराचे पान कातडीत मिटलेले राहते, म्हणून पिवळा रंग कातडीत साठतो. पण त्याच कोंबडीच्या यकृतात तेच पान उघडे असते आणि विकर नेहमीप्रमाणे काम करीत असते. वही एक, पान एक. कातडीत मिटलेले, यकृतात उघडे. बाजारात पिवळ्या पायांची कोंबडी दिसली, तर आता तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहाल.

स्थळाप्रमाणे पान बदलते हे झाले. वयाप्रमाणे कसे बदलते हे पाहण्यासाठी अंड्यात शिरावयास हवे. अंडी उबवण्यास घालून रोज एक फोडून पाहावे, ही कल्पना फार जुनी आहे. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याने तसे निरीक्षण लिहून ठेवले आहे. आपल्याकडे पुणे विद्यापीठात डॉ. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भावर संशोधन केले. त्यांचे शिक्षण एडिंबरो येथे वॅडिंग्टन या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली झाले होते. कोंबडीचा गर्भ शास्त्रज्ञांना इतका प्रिय का? आईच्या पोटात डोकावावे लागत नाही, आणि एकवीस दिवसांत सारा खेळ आटोपतो.

यकृताचा अंकुर तिसऱ्या दिवशी दिसू लागतो. त्या वेळेपासून पिल्लू बाहेर येईपर्यंत त्याच्या घरात जो शिधा भरलेला असतो तो अगदी एकांगी असतो. अंड्याच्या बलकात चरबी वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी असते, प्रथिनेही भरपूर असतात, पण साखर-पिष्ट म्हणाल तर साऱ्या अंड्यात मिळून अर्धा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे भाकरी नाही, भात नाही, नुसते तूप आणि डाळ! गर्भाला लागणाऱ्या शक्तीपैकी शेकडा नव्वदांहून अधिक चरबी जाळूनच मिळते. तेव्हा या काळात यकृतात चरबी जाळणारी विकरे जोरात असतात. मेंदूला आणि रक्ताच्या पेशींना ग्लुकोज लागतेच. ते आयते मिळत नसल्याने प्रथिनांच्या तुकड्यांपासून घडवावे लागते, म्हणून ग्लुकोज घडवणारी विकरेही कामावर असतात. मात्र चरबी तयार करणारी विकरे जवळजवळ निजलेली. घरात तुपाचे डेरे भरलेले असताना लोणी कढविण्याचा खटाटोप कोण करील?

बलकातून येणारी सगळी चरबी लगेच जळत नाही. तिच्यातले कोलेस्टेरॉल यकृत एका विशिष्ट रूपात आपल्याजवळ साठवून ठेवते, आणि बलकाची पिवळी द्रव्ये त्या साठ्यात विरघळून बसतात. पिवळ्या यकृताचे कोडे ते हेच. माझे वरिष्ठ शिदोरी म्हणाले ते खरे होते.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत अंड्यात मोठी धांदल उडते. पिल्लू आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालून फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते आणि कवच टोकरू लागते. चरबी जाळावयाची तर प्राणवायू पुष्कळ लागतो, आणि या घटकेस तोच अपुरा पडतो. तेव्हा यकृताने साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे प्राणिज पिष्ट, खर्ची पडते. याच वेळी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा स्राव रक्तात चढतो. उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढून घेतला जातो आणि बेंबी मिटते. बाहेर आलेल्या चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमच्या पिल्लात या बलकाचे वजन दहाव्या हिश्शाइतके तरी असते आणि चार-पाच दिवसांत तो बहुतेक संपतो.

हा बलक पोटात असतो म्हणूनच एक दिवसाचे पिल्लू खोक्यात घालून शेकडो मैल पाठवता येते. सारा कुक्कुटपालनाचा धंदा या एका सोयीवर उभा आहे असे म्हटले तरी चालेल. पुण्यात १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि पुढे भोके पाडलेली पुठ्ठ्याची खोकी महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांच्या एस. टी. स्टँडवर उतरू लागली. आपल्या भागात ऊस आणि दूध यांच्या जोडीला कोंबड्यांची शेड आली ती याच वाटेने.

पण या सोयीने एक गैरसमजही पसरला. पोटात बलक आहे, मग दोन दिवस खाणे नसले तरी बिघडत नाही, असा. मी स्वतः त्याचा बळी आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी घरच्यांसाठी दोनशे पिल्ले आणली. गाडी उशिरा आली, रात्र झाली, ब्रूडर लावला, पाणी ठेवले. खाद्य सकाळी आणू म्हटले. सकाळी दुकान बंद होते. दुपार टळून गेल्यावर मक्याचा भरडा त्यांच्यापुढे पडला. आमची आजी म्हणत होती, "अरे लेकरा, निदान कण्या तरी टाक त्यांच्याफुडं, टोचत्यात बघ नुसती भुईला." मी तिला बलकाचे शास्त्र ऐकवले. पिल्ले मेली थोडीच, पण तो थवा शेवटपर्यंत लहानमोठा, असमान राहिला. हिशेब केला तेव्हा ध्यानात आले, की उबवणी यंत्रात सगळी पिल्ले एकाच क्षणी फुटत नाहीत. आधीची आणि नंतरची यांत एक-दीड दिवसाचे अंतर पडते. म्हणजे जी पिल्ले आधी फुटली होती ती माझ्या भरड्यापर्यंत पोचेतो तीन दिवसांच्या घरात उपाशी होती. आजीला शास्त्र ठाऊक नव्हते. तिने खुडूक कोंबडी आपल्या पिल्लांना पहिल्याच दिवशी उकिरड्यावर नेऊन टोचावयास शिकवते हे पाहिले होते, तेवढे तिला पुरे होते.

उपाशी राहिलेल्या पिल्लाच्या यकृतात काय घडत नाही, हे ॲलन गुडरिज या संशोधकाने १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून फार नीटसपणे दाखवले. पक्ष्यांचे एक वैशिष्ट्य आहे. उंदरासारख्या प्राण्यात चरबी तयार करण्याचे पुष्कळसे काम चरबीच्या पेशी स्वतः करतात. कोंबडीत ते मुख्यतः यकृताकडे आहे. पिल्लू दाणा खाऊ लागले, की आजवर तुपावर वाढलेल्या या देहात प्रथमच भाकरीचा लोंढा येतो. पिष्टाची साखर होते, आणि जादा साखरेची चरबी करून ठेवावी लागते. निजलेली विकरे आता जागी व्हावयास हवीत. त्यांपैकी मॅलिक एन्झाइम नावाच्या एका विकराचा माग गुडरिज यांनी काढला. खाणाऱ्या पिल्लाच्या यकृतात ते थोड्याच दिवसांत कित्येक पटींनी वाढले. त्याच वयाच्या, पण उपाशी ठेवलेल्या पिल्लात ते वाढले नाही.

येथे थोडे थांबू या, कारण या साध्या दिसणाऱ्या निष्कर्षात विषयाचे मर्म आहे. आपण सहज बोलतो, की वय झाले म्हणजे हे होते आणि ते होते. पण या दोन्ही पिल्लांचे वय एकच होते! तारखेने पान उघडले नाही, दाण्याने उघडले. मग कोणी म्हणेल, विकर आधीपासूनच तेथे असेल, फक्त झोपेतून उठले असेल. तीही शंका तपासून पाहिली गेली आणि असे ठरले, की वाढ होते ती नव्याने घडवलेल्या विकराची. पुढे यकृताच्या पेशी सुट्या करून काचपात्रात जगवल्या आणि त्यांच्यावर निरनिराळी संप्रेरके घालून पाहिली. थायरॉइडचे संप्रेरक आणि इन्शुलिन मिळून हे पान उघडतात. उपासाच्या वेळी स्रवणारे ग्लुकागॉन ते मिटवते. अंड्यातून बाहेर पडताना थायरॉइडचा स्राव चढतो तो जणू वही हाती घेण्यासाठी. पान मात्र पहिल्या घासाबरोबर उलटते.

दाणा सुरू झाला म्हणजे आणखीही पाने उलटतात. आमच्या कोंबड्यांच्या विष्ठेवर जो पांढरा चुना दिसतो तो युरिक आम्ल होय. प्रथिनांतला टाकाऊ नत्र पक्षी याच रूपाने बाहेर टाकतात, आणि ते तयार होते यकृतात. त्याच्या शेवटच्या पायरीवरचे विकर पिल्लू बाहेर पडल्यावर झपाट्याने वाढते, आणि खाद्यात प्रथिन अधिक असले तर अधिक वाढते. पहिल्या आठवड्यात यकृत स्वतःही उरलेल्या शरीरापेक्षा वेगाने वाढते. मग अंग त्याला मागे टाकते. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या वर जाणाऱ्या ब्रॉयलरमध्ये अखेरीस यकृत शरीराच्या शेकडा दोन-अडीच भाग एवढेच उरते. आपल्याकडे अनेक शेतकरी कंपनीशी करार करून किलोमागे ठरलेल्या दराने ही वाढ विकत असतात. त्या दोन किलोंची पायाभरणी पहिल्या आठवड्यातल्या त्या इवल्या यकृताने केलेली असते.

पिल्लाच्या यकृताने माणसाच्या तान्ह्या मुलांवर केलेला एक उपकार येथे सांगितला पाहिजे. कोपनहेगनला हेन्रिक डॅम हे शास्त्रज्ञ १९२९च्या सुमारास पिल्लांना चरबी पुरी काढून टाकलेले खाद्य देत होते. पिल्ले स्वतः कोलेस्टेरॉल तयार करू शकतात की नाही एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर मिळाले, पण मध्येच पिल्लांना कातडीखाली आणि स्नायूंत रक्तस्राव होऊ लागला. रक्त गोठेना. ठाऊक असलेली जीवनसत्त्वे घालून पाहिली, गुण येईना. अखेर १९३५ साली डॅम यांनी हे एक नवेच जीवनसत्त्व असल्याचे मांडले आणि गोठणे या अर्थाच्या शब्दाच्या आद्याक्षरावरून त्याला 'के' हे नाव दिले. १९४३च्या नोबेल पारितोषिकात डॉयझी यांच्याबरोबर त्यांचा वाटा होता. यकृत रक्त गोठवणारी प्रथिने तयार करते, पण 'के' नसेल तर ती अर्धवट राहतात. दिसावयास प्रथिन आहे, कामाला नाही. हे अर्धवटपण नेमके कोठे राहते त्याचा उलगडा १९७४ साली झाला. माणसाच्या नवजात मुलात या जीवनसत्त्वाचा साठा तोकडा असतो आणि यकृतही नवखे असते, म्हणून जन्मल्याबरोबर बाळाच्या मांडीत जे इंजेक्शन देतात ते याचेच. नातवाला टोचताना पाहून ज्यांचा जीव हळहळला असेल, त्यांनी कोपनहेगनची ती पिल्ले आठवावीत.

ही सगळी माहिती एकेका विकराच्या मागे वर्षानुवर्षे लागून मिळालेली आहे. पण यकृतातली सगळी प्रथिने एकदम पाहता आली तर? १९७५ साली ओफॅरेल यांनी त्याची एक युक्ती दिली. प्रथिनांचे मिश्रण एका जेलीसारख्या पातळ थरावर घालून विजेच्या प्रवाहाने आधी भाराप्रमाणे एका दिशेला पसरावयाचे, मग वजनाप्रमाणे दुसऱ्या दिशेला. रंग दिला, की त्या थरावर शेकडो ठिपके उमटतात. रात्रीच्या आकाशाचा नकाशाच. एक दिवसाच्या, आठवड्याच्या आणि महिन्याच्या पिल्लाच्या यकृतांचे असे नकाशे शेजारी ठेवले, म्हणजे कोणता तारा विझला, कोणता तेजाळला हे दिसते. तो ठिपका कोणत्या प्रथिनाचा हे ओळखण्यासाठी त्याचे तुकडे करून अत्यंत नाजूक तराजूने तोलतात आणि ते वजन कोंबडीच्या जनुकवहीशी ताडून पाहतात. ती वही, सुमारे शंभर कोटी अक्षरांची, माणसाच्या वहीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, २००४ साली वाचून झाली आणि तेव्हापासून हे काम पुष्कळ सोपे झाले. तरी भुलू नये. मुबलक प्रथिनांच्या झगमगाटात दुर्मिळ प्रथिने दिसत नाहीत, आणि ब्रॉयलरचा नकाशा गावठीला जसाच्या तसा लागू पडत नाही. चिठ्ठ्या मोजणारे आणि पदार्थ मोजणारे यांचे हिशेबही नेहमी जुळत नाहीत. का, ते मघाशी सांगितलेच आहे.

आता तलंगीकडे वळू. सुधारलेल्या जातीची तलंग अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास अंड्यावर येते, गावठी त्याहून बरीच उशिरा. अंडे अंडाशयात होते एवढे आपल्याला माहीत असते. पण पिवळ्या बलकाचा माल तेथे तयार होत नाही. तो यकृतात होतो. पांढरे मात्र अंडनलिकेचे. तलंगीच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तात येऊ लागले, की यकृतात आजवर कधीही न उघडलेली पाने उघडतात. त्यांतले मुख्य प्रथिन व्हायटेलोजेनिन. ते रक्तातून अंडाशयात पोचते आणि तेथे त्याचे तुकडे होऊन बलकात बसतात. चरबीही खास बांधणीच्या गाठोड्यांतून तिकडे जाते. एका बलकात सुमारे तीन ग्रॅम प्रथिन आणि पाच-सहा ग्रॅम चरबी असते. रोज एक अंडे देणाऱ्या दीड-दोन किलोंच्या पक्ष्याचे यकृत हा माल रोजच्या रोज पाठवीत असते! त्या काळात यकृत मोठे आणि तुपकट होते यात नवल नाही.

मग कोंबड्याचे काय? त्याच्या वहीतही हे पान आहे. फक्त जन्मभर मिटलेले. कोंबड्याला इस्ट्रोजेनचे इंजेक्शन दिले, तर त्याचे यकृत बिनतक्रार बलकाचे प्रथिन करू लागते आणि ते त्याच्या रक्तात साचते, कारण ते उचलावयास अंडाशयच नाही. काही दिवसांनी ते थांबते. गंमत पुढेच आहे. काही आठवड्यांनी त्याच कोंबड्याला पुन्हा इंजेक्शन दिले, तर यकृत पहिल्या खेपेपेक्षा लवकर आणि जोमाने कामाला लागते. एकदा उघडलेले पान पुन्हा मिटले तरी त्याची घडी राहून जाते म्हणा ना.

आपल्या देशात या विषयावर बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. पी. आर. अडिगा यांनी मोलाचे काम केले. त्यांनी पाहिले ते जीवनसत्त्व ब-२ वाहून नेणारे प्रथिन. इस्ट्रोजेन दिले, की अगदी कोवळ्या पिल्लाचे यकृतही ते करू लागते. हे प्रथिन ब-२ला धरून बलकात पोचवते. ज्या कोंबड्यांत जन्मतः ते होत नाही त्या अंडी देतात, अंडी सफलही असतात, पण गर्भ तेराव्या दिवसाच्या आसपास मरतो. कोंबडीला स्वतःला काही होत नाही. आईच्या यकृताने एक प्रथिन केले नाही, आणि दुसऱ्या पिढीचा दिवा अंड्यातच मालवला. बाजारातल्या आमच्या बायका दोन हाडांमधले अंतर मोजतात तेही याच इस्ट्रोजेनचे काम मोजतात. यकृत त्यांच्या बोटांना लागत नाही असे मी आरंभी म्हणालो, ते थोडे मागे घेतले पाहिजे. कोंबडी खुडूक झाली, की इस्ट्रोजेन उतरते, हाडे जवळ येतात, बलकाची पाने मिटतात.

शेवटी एक अप्रिय भाग उरतो, आणि आपल्या भागात तो टाळून चालणार नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीची एक लाखाहून अधिक पिल्ले थोड्या महिन्यांत यकृत बिघडून मेली. शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीपाशी पोचले. पेंडीला बुरशी लागली होती आणि बुरशीने एक विष तयार केले होते, तेच अफ्लाटॉक्सिन. हे विष यकृतात गेले, की यकृताचीच काही विकरे त्याचे रूप बदलून त्याला अधिक घातक करतात. मग ते जनुकवहीच्या पानांनाच चिकटते. चिठ्ठ्या उतरेनाशा होतात आणि सारा मुदपाकखाना मंदावतो. रक्तातले अल्ब्युमिन घटते, रक्त गोठवणारी प्रथिने घटतात, कोंबड्यांच्या अंगावर थोड्या धक्क्याने काळेनिळे डाग पडतात. कोंबडी टर्की आणि बदक यांच्यापेक्षा चिवट आहे, म्हणून बहुधा मरत नाही. नुसती वाढत नाही, आणि मालक खाद्याला, हवेला, कंपनीला दोष देत बसतो.

हा केवळ पक्ष्यांचा प्रश्न समजू नका. १९७४ सालच्या पावसाळ्यानंतर राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यांत अवेळी पावसात भिजलेला मका खाऊन आदिवासी वस्त्यांतली शंभरावर माणसे काविळीने आणि पोटात पाणी होऊन दगावली. त्यांना तो मका दिसत नव्हता असे नाही. घरात दुसरे धान्य नव्हते.

आपल्याकडे मका काढणीला येतो तेव्हा परतीचा पाऊस कधी गाठील याचा नेम नसतो. दाणा शेकडा बारा-तेरा भाग ओलाव्यापर्यंत वाळल्याखेरीज पोत्यात भरू नये. दाताखाली कट् असा आवाज आला पाहिजे, ही जुनी कसोटी वाईट नाही. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावीत. बुरशी लागलेला मका धुऊन, उन्हात घालून किंवा उकडून चालेल काय, असे मला नेहमी विचारतात. चालत नाही. बुरशी मरेल, पण तिने केलेले विष इतक्या उष्णतेला दाद देत नाही. मग कोंबड्यांना नको तर म्हशीला घालू, असे मनात येते. तेही नको, म्हशीच्या यकृतातून ते किंचित रूप पालटते आणि दुधात उतरते, आणि ते दूध घरातली मुलेच पितात.